बारा हजार कोनाचे?

माझी माय सही करायला साठीनंतर शिकली. हिशेब तिला आधीपासूनच येतो. 2023 च्या फेब्रुवारीत मी सीताबर्डीच्या एका कचेरीतून कागद घेऊन सक्करदऱ्याला घरी आलो, तेव्हा ती बुधवार बाजारातून आणलेली भाजी निवडत बसली होती. मी म्हणालो, "माय, कर्ज मिटलं." तिने मान वर केली नाही.

"किती मांगत होते?"

"अठ्ठ्याऐंशी हजार."

"देल्ले किती?"

"अडतीस."

"न मुद्दल किती बाकी होतं?"

"पन्नास हजार चारशे बासष्ट."

तिचे हात थांबले. "मंग हे वरचे बारा हजार कोनाचे, बाबू?"

मी उत्तर दिले नाही. कंपनीला अडीच वर्षे उत्तरे देणारा मी, मायच्या एका सवालापुढे गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्यातून निघाला आहे.

आधी कर्जाची हकीकत. 2018 मध्ये मी एका फायनान्स कंपनीकडून 90,000 रुपये घेतले. शाळेचे गणवेश शिवायचा धंदा. दोन शिलाई मशीन आणि कापड घ्यायचे होते. बँकेत गेलो तर तारण विचारले, पगाराची स्लिप विचारली. माझ्याकडे दोन्ही नव्हते. कंपनीने यातले काही विचारले नाही, फक्त व्याज लावले, महिन्याला शेकडा 2. हप्ता 3,531 रुपये, तीन वर्षे. 19 हप्ते मी एक दिवस न चुकता भरले. 67,089 रुपये गेले. मग मार्च 2020 आला. शाळा बंद. गणवेश कोणासाठी शिवायचे? रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली, व्याज थांबवायची दिली नाही. व्याजावर व्याज लावू नका असे सुप्रीम कोर्टाने मार्च 2021 मध्ये सांगितले. तोवर मी थकबाकीदार झालो होतो.

मग फोन सुरू झाले. सकाळी सहाला, रात्री दहाला. मला नाही तर शेजाऱ्याला, शेजाऱ्याला नाही तर बहिणीच्या सासरी. मी चौक टाळून मागच्या गल्लीने जायला लागलो. मित्रहो, हे मुद्दाम सांगतो. त्या दिवसांत मला कंपनीने जेवढे दाबले नाही तेवढे माझ्या लाजेने दाबले. लाजलेला माणूस हिशेब मागत नाही. समोरचा सांगेल तो आकडा त्याला खरा वाटतो. 88,000 कसे झाले, हे मी दीड वर्ष विचारलेच नाही.

वसुलीला येणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा. आपल्याच एका वस्तीतला. ओट्यावर उभा राहून सगळ्या ओळीला ऐकू जाईल असे बोले, "काका, घेता वक्ती गोड लागले ना? उद्या मशीन उचलून नेतो." एक दिवस जोराचा पाऊस होता. मायने त्याला आत घेतले, चहा दिला. पोरगा खाली पाहून म्हणाला, "आजी, मले बी टार्गेट हाय. नाई झालं तं पगार कापते. माह्या गाडीचाबी हप्ता हाय ना." कर्जदाराच्या दारी कर्जदारच पाठवलेला! त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग गेला. राग गेला तेव्हाच डोके चालू लागले.

माझा आजा एम्प्रेस मिलमध्ये होता. 1877 ला सुरू झालेली, 2002 ला बंद पडलेली ती मिल आता नकाशातच शोधावी लागते. माय सांगते, पगाराच्या दिवशी फाटकाशी सावकाराची माणसे उभी राहत आणि आजा त्यांना चुकवून निघे. तो मिलचे फाटक टाळी, मी सक्करदऱ्याचा चौक टाळतो. तीन पिढ्यांचा हा वारसा! पण याच नागपुरात, हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी असताना, वेगळेही काही झाले होते. 1933 मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा झाला. शेतकरी आणि सावकार मंडळापुढे समोरासमोर बसत आणि कर्जाची रक्कम तडजोडीने कमी होई. 1936 मध्ये कारखान्यातल्या कामगारांच्या कर्जांसाठी तसाच कायदा झाला. 1937 मध्ये तर ऋणकोच्या घराशी, कामाच्या जागेशी घिरट्या घालून त्याला छळणे हा गुन्हा ठरला. म्हणजे देणे देणे आहे आणि अब्रू अब्रू आहे, एकीच्या वसुलीसाठी दुसरी जप्त करता येत नाही, हे आमच्या शहराला माझ्या जन्माआधीच कळले होते. मधल्या काळात आम्ही ते विसरलो. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा लिहावे लागले, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीदाराला फोन करू नका.

हे वाचल्यावर मी कागद हातात घेतला. एका वकील मित्राने दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 दाखवले. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरिवाजाने बाईने अंगावरून काढायचा नसतो तो दागिना जप्त होत नाही. 1908 चा कायदा. माझी मशीन माझी हत्यारे होती, आणि मी दोन वर्षे रात्री दचकून उठत होतो.

पुढचे मुद्द्याने सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. फोनवर बोलणे बंद केले, जे काही ते लेखी. खात्याचा उतारा मागितला. 88,000 मध्ये दंड किती, दंडावर व्याज किती, हे त्यांच्याच कागदावर निघाले. न वाचता कशावरही सही केली नाही, कारण जुन्या कर्जाची लेखी कबुली मुदतीत दिली की दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. खरोखर देऊ शकेन तेवढाच आकडा बोललो. बहिणीकडून आणि भिशीतून 38,000 जमत होते. ते साठावर आले, मग पंचेचाळीसवर. मी अडतीसवरच थांबलो, त्यापुढे माझ्याकडे खरेच नव्हते. आधी कंपनीच्या छापील कागदावर पत्र घेतले: रक्कम, तारीख, आणि हे अखेरचे देणे असे शब्द. पैसे त्या पोराच्या हातात दिले नाहीत, कर्जखात्यात भरले. बेबाकीचा दाखला आणि कोरे चेक परत घेतले. तडजोड ही भीक नव्हे, एवढे त्या टेबलावर मला कळले. दोन्ही बाजूंना खुर्ची असते.

आता मायचा प्रश्न. मुद्दलातले 12,462 रुपये कोणाचे?

पहिले उत्तर मी असे रचले. नव्वद हजार घेतले. 67,089 आणि 38,000 मिळून 1,05,089 दिले. म्हणजे मुद्दल परत, वर 15,089. मग बाकी कसली? मुद्दल उरले असे दिसते, ते प्रत्येक हप्त्यातले व्याज आधी कापून घेतल्यामुळे. हे उत्तर बरे वाटले, पण पुरे पडले नाही. शेकडा 2 वर सही मीच केली होती. शब्द दिला होता, तो मोडला. हे मी झाकणार नाही.

दुसरे उत्तर. कंपनी शेकडा 2 का लावते? दहातले एक-दोन बुडणार हे ती धरून चालते म्हणून. माझ्या बुडण्याची किंमत व्याजात आधीच घेतली होती. मग ते पुन्हा पाप म्हणून माझ्या माथी का? आणि हा चढा दर कोणाच्या वाट्याला येतो? मनुस्मृतीने व्याजाचा दर वर्णावर बांधला: ब्राह्मणाला महिना शेकडा 2, क्षत्रियाला 3, वैश्याला 4, शूद्राला 5. जो खाली त्याला जास्त. 25 डिसेंबर 1927 ला महाडला तो ग्रंथ जाळला. आजचे यंत्र जात विचारत नाही, हे मान्य केले पाहिजे. ते 300 ते 900 मधला एक आकडा देते. पण शेती नाही, घराची रजिस्ट्री नाही, पगाराची स्लिप नाही, असा माणूस आधीच महाग कर्जाच्या दारात ढकलला जातो, महाग कर्ज आधी बुडते, आणि मग आकडा म्हणतो, याची पत नाही. मराठीत 'पत' म्हणजे उधारी मिळण्याची लायकी आणि 'पत' म्हणजे अब्रूही. एकाच शब्दाने आम्ही दोनदा मार खातो.

पण या दुसऱ्या उत्तरातच मला गळ लागला. माझ्या बुडण्याची किंमत आधीच वसूल झाली, तर ती कोणी भरली? आमच्या ओळीत एक ऑटोवाला भाऊ आहे. त्यानेही याच दराने कर्ज घेतले होते. लॉकडाऊनमध्ये त्याने बायकोचे कानातले मोडले आणि सगळे हप्ते भरले. ते बारा हजार त्याच्यासारख्यांनी थोडे थोडे भरले आहेत. कंपनीचे काही गेले नाही. गेले ते वस्तीचे.

बुद्धाने अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: मिळवल्याचे, उपभोगल्याचे, ऋण नसल्याचे आणि दोष नसल्याचे. विहारात हे अनेकदा ऐकले होते, पण तिसरे आणि चौथे वेगवेगळे का मोजले, हे आत्ता कळले. ऋण फिटूनही माणूस निर्दोष नसू शकतो. आणि ऋण डोक्यावर असलेला, छळ सोसणारा माणूस निर्दोष असू शकतो. चारांत चौथे सुख सगळ्यांत मोठे सांगितले आहे. मला तिसरे मिळाले होते.

माझ्या पत-अहवालात आज 'सेटल्ड' असा शेरा आहे. 'क्लोज्ड' नाही. सोडलेली रक्कम भरा, शेरा बदलता येईल, असे कंपनी म्हणते. उद्या पोरीच्या शिक्षणाला कर्ज लागले तर कदाचित भरीन. ती सोयीची किंमत असेल. त्याला मी प्रायश्चित्त म्हणणार नाही, कारण ज्यांचे देणे लागतो त्यांच्या हातात त्यातला एक पैसा जाणार नाही.

मायला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मंग त्यायच्या दारी जाऊन बस ना. कागद वाचता येते ना तुले?"

आता बुधवारी संध्याकाळी बाजार उठला की मी ओट्यावर बसतो. लोक नोटिसा घेऊन येतात. मी उतारा मागायचा अर्ज लिहून देतो. वर्षातून एकदा पत-अहवाल फुकट मिळतो, हे सांगतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम एप्रिल 2024 पासून आहे, हेही सांगतो. कोणी फार घाबरले असेल तर कचेरीत सोबत जातो आणि बाजूच्या खुर्चीवर बसतो. ज्याला पूर्ण फेडता येते त्याला मी पूर्ण फेड म्हणतो. माझे पाहून कोणी हात वर करू नये.

मागच्या महिन्यात तो वसुलीचा पोरगा आला. गाडीचे तीन हप्ते थकले होते. ओट्याच्या खालीच उभा राहिला, वर यायला लाजत होता. मायने आतून पाहिले आणि चहा ठेवला. मी म्हणालो, "बस. उतारा आणला काय?"