काट्याची साक्ष

पिपलानी-बरखेड्यातील मराठी कुटुंबांना यंत्रांची नव्याने ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि तिच्याभोवती वाढलेल्या या वसाहतीत आपल्या दोन-तीन पिढ्या नांदल्या. तयार भाग मोजून, तपासून त्यावर ‘पास’ वा ‘रिजेक्ट’ असा शेरा मारणे हे आपल्यापैकी अनेकांचे नित्याचे काम होते. हा शेरा म्हणजे केवळ कार्यालयीन नोंद की एक नैतिक वचन, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

यंत्र घडविणारा आणि ते चालविणारा यांची बहुधा कधी गाठ पडत नाही. दूरच्या एखाद्या केंद्रात रात्रपाळीला उभा असलेला तंत्रज्ञ मापकाच्या काट्याकडे पाहतो, तेव्हा तो एका अनोळखी तपासनिसाच्या शब्दावर विसंबलेला असतो. यंत्र मुळातच सदोष बाहेर पडले काय किंवा देखभालीअभावी बिघडले काय, त्याच्या दृष्टीने विश्वासभंग सारखाच.

या विश्वासभंगाचे दारुण उदाहरण आपल्याच शहरात घडले. युनियन कार्बाइडच्या कारखान्याची १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकन अभियंत्यांनी पाहणी केली, तेव्हाच झडपा व मापके यांच्या देखभालीतील उणिवा अहवालात नोंदल्या गेल्या होत्या. पुढे काटकसरीपायी माणसे कमी झाली. १९८४ च्या जूनपासून शीतकरण यंत्रणा बंद होती. ज्वालास्तंभाकडे जाणारा गंजलेला नळ काढून ठेवलेला होता. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब सुमारे तासाभरात दोनवरून दहा पौंडांवर गेला. काटा त्या रात्री खरे सांगत होता. परंतु तेथील उपकरणे बेभरवशाची असल्याने आपण तो इशारा मनावर घेतला नाही, असे पाळीच्या पर्यवेक्षकाने पुढे सांगितले.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीत खोटे बोलणाऱ्यालाच त्याचे फळ मिळते. कारखान्यात मात्र खोटे बोलते ते यंत्र, आणि फळ भोगतो तो ते ऐकून ऐकून विटलेला माणूस. निकृष्ट उपकरणाची खरी हानी ही आहे की, ते केवळ बंद पडत नाही. ते तंत्रज्ञाला इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावते.

यावर कोणी म्हणेल, जाणत्या माणसाने प्रत्येक इशारा खराच मानावयास हवा होता. या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि प्रत्येक खोट्या इशाऱ्यावर काम थांबविणारा मनुष्य कोणत्या कारखान्यात टिकला असता? ज्या व्यवस्थेने त्याला अविश्वास शिकविला, तिनेच त्याला ‘विश्वास का ठेवला नाहीस’ असे विचारावे, हा न्याय नव्हे.

आणि घडले मात्र तसेच. कंपनीने दुर्घटनेचे खापर एका असंतुष्ट कामगाराच्या घातपातावर फोडले. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने हयात असलेल्या सात जणांना प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत भारतीय कंपनीचे अध्यक्ष होते, तसेच पाळीवरचा तो पर्यवेक्षकही होता. मूळ अमेरिकन कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन २०१४ मध्ये निधन पावेपर्यंत या खटल्याला सामोरे गेलेच नाहीत. खर्चाला कात्री लावणारा आणि त्या कात्रीखाली काम करणारा यांना कायद्याने एकाच मापाने मोजले. नीतीचे माप असे असू शकत नाही. ज्याच्या हाती दुरुस्तीचा अधिकार आणि पैसा अधिक, त्याचे उत्तरदायित्वही अधिक असले पाहिजे.

खंडेनवमीला आपण यंत्राला हळदकुंकू वाहतो. ती पूजा सार्थ व्हावयाची तर मार्चअखेरच्या घाईत, वरून दडपण असतानाही, सदोष भागावर ‘पास’ लिहिण्यास नकार देणारा हात आपल्यात असला पाहिजे. आणि त्या हातामागे उभे राहणारा वरिष्ठही.