इंग्रजीची ओढ आणि मुलांचे वय

नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत उभे आहे. तेथे गाडीची सूचना मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषांत होते. ज्या मुलाच्या घरी मावची किंवा भिलोरी बोलली जाते, त्याला यांपैकी एकही भाषा आईच्या कुशीत मिळालेली नसते. नंदुरबार जिल्ह्यातील अशा असंख्य मुलांना शाळेतली मराठीच मुळात नवी. आणि २००० सालापासून इंग्रजीही पहिलीच्या वर्गात तिच्या शेजारी येऊन बसली आहे.

सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी कशासाठी हवी असते? खरे म्हणजे ती हवी असते त्याच्या आईवडिलांना. त्याला आवडतो तो तिचा नाद. गाणे, टाळ्या, 'कॅट' म्हणताच मित्राने काढलेला मांजराचा आवाज, एवढे त्याला पुरते. पाचवी-सहावीच्या सुमारास हा नाद मावळतो व त्याच्या जागी परीक्षा येते. दहावीपर्यंत तर पस्तीस गुण हेच भाषेचे सर्वस्व ठरते. पत्रलेखनाचे साचे घोकले जातात; ज्याला ते पत्र लिहायचे तो माणूस मात्र कोठेच नसतो.

पुढे पुष्कळांची इंग्रजी सुटते. काहींना मात्र ती तेव्हाच खऱ्या अर्थाने भेटते. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीपुढे गावची एखादी म्हातारी औषधाची बाटली धरते आणि विचारते, "बाई, यावर काय लिहिलंय?" दहा वर्षांत जे रुजले नाही ते मग दोन वर्षांत रुजू लागते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ गार्डनर व लॅम्बर्ट यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भाषा शिकण्यामागील दोन प्रेरणा सांगितल्या: एक उपयोगाची, दुसरी त्या भाषेच्या माणसांत मिसळण्याची. आपण पालकांनी तिसरी जोपासली आहे, ती लाजेची. "इंग्रजी आली नाही तर रानातच राहशील," असे आपण सहज बोलून जातो. लाज फळ देते, हे नाकारता येत नाही; त्या धाकाने शिकून नोकरीला लागलेली मुले आपल्या पाहण्यात आहेत. पण सुरतेहून सुट्टीला आलेला तरुण मित्रांदेखत आजीशी तिच्या बोलीत बोलताना आवाज खाली आणतो, तेव्हा त्या यशाची किंमत कोणी चुकवली?

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. त्या वयात ते मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे त्यांच्यासमोर होती. मराठी यावी म्हणून त्यांना स्वतःच्या इंग्रजीची लाज बाळगावी लागली नाही.

विसाव्या वर्षाची नोकरीची चिंता सहाव्या वर्षी मुलाच्या दप्तरात भरणे मला तरी व्यर्थ वाटते. त्यापेक्षा आजच्या धड्यातील पाण्याला, झाडाला, पावसाला आपल्या बोलीत काय म्हणतात, हे त्याला आजीला विचारू द्यावे. मग तीही संध्याकाळी त्याच्याजवळ अभ्यासाला बसेल.