कुलूप आणि पाणपोई

गेल्या एकादशीस प्रवचन आटोपल्यावर एका तरुण गृहस्थांनी आम्हांस विचारले, "महाराज, घरातील वाय-फायला कुलूप घालावे, की शेजारच्यांसाठी ते मोकळे ठेवावे? तहानलेल्यास पाणी नाकारू नये, असे तर आपण नेहमीच सांगता." सभामंडपात हसू पिकले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि त्याच वेळी उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्याचे कारण पुढे निवेदन करू.

प्रथम मोकळेपणाचा पक्ष पाहू. पाणपोई घालणारा वाटसरूचे नावगाव विचारीत नाही. आज परीक्षेचा अर्ज, शाळेचा पाठ, पेन्शनची चौकशी ही सारी इंटरनेटवरूनच होतात. म्हणजे तेही एक प्रकारचे पाणीच झाले. महिन्याचे पैसे बहुधा ठरलेले असतात. शेजाऱ्याने ओंजळभर घेतल्याने आपला रांजण रिता होत नाही. अमेरिकेतील संगणक-सुरक्षेचे नामांकित जाणकार ब्रूस श्नायर यांनी २००८ साली उघडपणे लिहिले की, आपण घरचे वाय-फाय बुद्ध्याच मोकळे ठेवतो. पाहुण्यास गरम चहा द्यावा तसेच हे साधे सौजन्य आहे. ज्यांचा व्यवसायच कुलपांचा, त्यांचे हे मत तुच्छ लेखता येणार नाही.

आता दुसरा पक्ष. त्याच २००८ सालच्या जुलैची २६ तारीख आपल्या बडोदेकरांच्या स्मरणात असेल. अहमदाबादेत स्फोटांमागून स्फोट झाले आणि ५६ जीव गेले. त्यापूर्वी काही मिनिटे धमकीचा जो ई-मेल धाडला गेला, तो नवी मुंबईतील एका घराच्या कुलूप नसलेल्या वाय-फायवरून. पोलीस माग काढीत त्या निरपराध गृहस्थाच्या दारी पोहोचले. याचे कारण असे की, आपल्या जोडणीवरून कोणीही काहीही धाडले तरी बाहेरच्या जगास पत्ता दिसतो तो आपलाच. शिवाय कुलूप नसलेल्या वाय-फायवर आपले उपकरण आणि भिंतीवरची पेटी यांमधील संभाषणावर वाय-फायचे असे आवरण नसते. जवळपासचा कोणीही ते चोरून ऐकू शकतो.

मग धर्म कोणता? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. आणि स्थळकाळ न पाहता, घेणाराविषयी आदर न बाळगता दिलेले ते तामस. या कसोटीस लावून पाहिले तर आळसाने उघडे राहिलेले वाय-फाय हे दान नव्हेच. दाराची कडी लावण्यास विसरलेल्या माणसास कोणी दानशूर म्हणत नाही.

परंतु सज्जनहो, कुलूप घातले म्हणजे आपण धर्मात्मे झालो, असेही नाही. येथेच आमच्या मौनाचे कारण आहे. २०२० साली शाळा बंद होत्या. आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंची मुलगी आमच्या पायरीवर बसून मोबाईलवर तास ऐकत असे. एके दिवशी आमच्या यंत्रावरील कीर्तन अडखळू लागले म्हणून आम्ही परवलीचा शब्द बदलला. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आजोबा, नेट लागत नाही." आम्ही म्हणालो, "बिघडले असेल." ती चार दिवस आली, पायरीवर बसून राहिली, आणि मग आली नाही. सुरक्षिततेचा विचार त्या वेळी आमच्या मनात नव्हता. होता तो केवळ लोभ, आणि त्यावर असत्याचे पांघरूण. दानधर्मावर प्रवचने करणाऱ्याने हे केले! पुढे आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. पण बुडालेले पाठ काही परत आले नाहीत.

म्हणून विचारांती आमचे सांगणे असे. आपल्या जुन्या घरांत ओसरी असे, माजघर असे आणि देवघर असे. आल्यागेल्यास ओसरीवर बसवीत. माजघरात सर्वांस प्रवेश नसे, आणि त्यात कोणाचा अपमानही नसे. हल्लीच्या बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी निराळे वाय-फाय ठेवण्याची सोय असते. तीच आपली ओसरी समजावी. तिचा परवलीचा शब्द ज्याला गरज आहे त्याला बोलावून, तोंड ओळखून सांगावा. घरातील संगणक व कागदपत्रे माजघरात सुरक्षित राहतात. कुलूप मात्र बळकट असावे. वेप नावाचे जुने कुलूप २००१ सालीच फुटले. २००४ चे डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ चे डब्ल्यूपीए-३ वापरावे, आणि पेटीबरोबर आलेला शब्द बदलावा. जोडणी देणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात शेजाऱ्यास देण्याविषयी काय लिहिले आहे, तेही वाचावे. परवानगी नसता दिलेले दान शुद्ध नव्हे.

ज्यांना खरोखरच पाणपोई घालावयाची आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. तीत लहानसा दुकानदारही परवाना शुल्कावाचून सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो, आणि वापरणाऱ्याची ओळख पटवूनच जोडणी मिळते. आपल्या मंदिराच्या वाचनालयात असे काही करता येईल का, याचा विश्वस्तांनी विचार करावा, ही आमची नम्र सूचना.

तात्पर्य, कुलूप असावे ते चोरासाठी. पायरीवर बसलेल्या मुलीसाठी नव्हे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने दोन गोष्टी पाहाव्यात : आपले कुलूप नीट लागले आहे ना, आणि आपल्या पायरीवर कोणी ताटकळत बसले आहे काय. श्रीहरी आपणां सर्वांस सावधपण देवो आणि औदार्यही देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.