मिरवणे आणि चालणे

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रा पार पडल्या की एक ठरलेला वाद सुरू होतो: लहान मुलांना मिरवणुकीत न्यावे की नाही. वाहतूक खोळंबते ही तक्रार खरी आहे, ती पोलिसांनी सोडवावी. मिरवणुकीने संस्कार होतात हा दावा इतका पोकळ आहे की त्यावर बोलण्यासारखे काही नाही. पण तिसरा एक युक्तिवाद सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणे केला जातो की तो मनातून जात नाही. मुलाला समज नसते; धर्म, जात, प्रांत, पक्ष, कशाचाच झेंडा त्याच्या हाती देऊ नये; मोठे झाले की त्याचे ते ठरवील, असे त्याचे म्हणणे.

ठरवील, पण कशावरून? ज्याने अनोळखी माणसांच्या पावलाशी पाऊल कधी जुळवलेच नाही, त्याला अठराव्या वर्षी हाती येते ते परकेपण, आणि त्यालाच आपण स्वातंत्र्य म्हणतो. मातृभाषा आपण मुलाला विचारून देत नाही. ती आधी दिलेली असते म्हणूनच ते पुढे त्याच भाषेत आपल्याशी भांडते.

यावर उत्तर येते की भाषेत काहीही बोलता येते, मिरवणुकीत मात्र एकच घोषणा द्यावी लागते. हा आक्षेप वजनदार आहे. घोषणा देणारी सहा वर्षांची मुले पाहून माझ्याही पोटात कालवते. तरीही तो सगळ्या सामुदायिक चालण्याला लागू पडतो असे म्हणणाऱ्याने ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीच्या मुक्कामावर एक संध्याकाळ काढावी. समाजआरतीच्या वेळी दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. तिचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. बापाच्या बोटाला धरून तिथे उभे असलेले पोर भक्ती किती शिकते हे मला सांगता येणार नाही. हजारोंच्या शांततेत आपला टाळ वाजता ठेवता येतो, हे मात्र ते डोळ्यांनी पाहते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा कुठे आहे?

'ठरवील'वाल्यांचा शेवटचा आधार बालहक्कांचा असतो. १९८९च्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९२ साली सामील झाला, त्याच्या चौदाव्या कलमात मुलाचे विचारस्वातंत्र्य आहे, हे खरे. पण त्याच कलमात मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे त्याला वाट दाखवण्याचा आईबापांचा हक्कही मान्य केला आहे. आणि पंधराव्या कलमात शांततेने एकत्र जमण्याचा हक्क आहे, तोही मुलाचाच. चौदावे कलम अर्धे वाचायचे आणि पंधराव्याच्या आधी पान मिटायचे, याला मुलाची बाजू घेणे म्हणत नाहीत.

तरीही हे लोक ज्याला भितात ते खोटे नाही. त्याचे ठिकाण ते चुकीचे दाखवतात, एवढेच. गणेशोत्सवातले मेळे, प्रभातफेऱ्या हा सगळा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्यातली एकच आठवण इथे पुरे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालला, आणि त्याच्यासह पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. तो पंधरा वर्षांचा होता. आज आपण एखाद्या पोराला त्याचा वेश चढवून ट्रकवर उभे करतो आणि उन्हात तीन तास हलू देत नाही. शिरीषकुमार चालला होता. हे पोर मिरवले जाते.

मला भेद करायचा आहे तो इथे. झेंडा कोणता, याआधी एक प्रश्न विचारावा: मूल चालते आहे की मिरवले जाते आहे? चालणाऱ्या मुलाच्या हाती काही काम असते: लेझीम, टाळ, पाण्याची बाटली, दोरीचे टोक. ते दमते, ओळ चुकते, बसते. मिरवल्या जाणाऱ्या मुलाला फक्त वेश असतो. त्याला खाली उतरता येत नाही, कारण ते उतरले तर चित्ररथावर काही उरतच नाही.

या भेदाला एक मोठी अडचण आहे आणि ती मला मान्य आहे. ज्यांना घोड्यावरून वरात नेल्याबद्दल मार खावा लागला, त्यांच्यासाठी मिरवणे हाच हक्क आहे. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाला 'खाली उतर' म्हणण्याची माझी छाती नाही. पण त्या खांद्याखालीही कोणीतरी चालतच असते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे माणसे चालतच गेली होती. आणि खांद्यावरून उतरता येते.

यंदा डोंबिवलीच्या फडके रोडवर माझी सात वर्षांची मुलगी लेझमीच्या ओळीत होती. मी तिच्या बाजूने चालत होतो. अर्ध्या वाटेत ती थांबली, म्हणाली, ''बाबा, हात दुखले.'' आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तिचे पथक पुढे निघून गेले. बाजूला उभ्या एका बाईंनी मला हळूच सांगितले की ओळ मोडली, छान दिसत होती हो. मुलीने पाणी प्यायले, लेझीम मांडीवर ठेवून येणारी जाणारी पथके पाहिली. पाचेक मिनिटांनी उठली आणि मागून आलेल्या, आमच्या ओळखीच्या नसलेल्या मुलींच्या ओळीत शिरली. त्यांचा ताल वेगळा होता. पहिले चार ठोके तिचे चुकले.