संकटकाळी विश्वासाची निवड

परमेश्वरावरील विश्वास सुखाच्या दिवसांत कळून येत नाही. घरात धान्य आणि दारात शांतता असते तोवर नामस्मरण सोपे असते. भय उंबरठ्याशी आले म्हणजे जीवाची खरी परीक्षा होते. त्या वेळी तो मुखाने कोणाचा धावा करतो आणि हाताने काय करतो, या दोहोंवरून त्याची श्रद्धा ओळखावी.

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ मानले आहेत. देवतांची फळे नाशवंत आहेत. मोक्ष देणारा एक परमेश्वरच. म्हणूनच अनन्यतेचा आग्रह आहे. परंतु अन्य देवतेस नवस न करणे, एवढाच अनन्यतेचा अर्थ घेतला तर तो अपुरा होय. जो नाव परमेश्वराचे घेतो, पण ‘माझे घर तेवढे राख, मग मी तुझा’ असे मनात धरतो, त्याने परमेश्वरालाच देवतेच्या पंक्तीस बसविले. सौदा आणि शरणागती एकत्र नांदत नाहीत.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची ससिक-रक्षणाची लीळा सर्वश्रुत आहे. पारध्यांच्या भयाने धावत आलेला ससा स्वामींच्या जानूखाली लपला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागतास दिले नाही. पण पारध्यांचाही तिरस्कार केला नाही. निरपराध प्राण्यास मारणे कसे अनुचित, हे त्यांना समजाविले आणि त्यांनी हिंसा सोडली. शरणागतास आश्रय आणि मारणाऱ्याविषयीही करुणा, ही या लीळेची दोन अंगे आहेत. संकटकाळी साधकाने दोन्ही सांभाळावयाची असतात.

या बोधाची कसोटी केवळ रानात नव्हे, गजबजलेल्या नगरातही लागते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे नगर. एकाच कापडात अनेक जातिधर्मांच्या हातांचे श्रम विणलेले असतात. तरीही 1970 च्या आणि पुन्हा 1984 च्या मे महिन्यात तेथे भीषण दंगली होऊन निरपराधांचे रक्त सांडले. पुढे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू आणि मुसलमान, असे सामान्य रहिवासी आपल्या वस्तीतील पोलिसांसह एकत्र बसू लागले. अफवा उठली तर ती पारखून घेण्यास आता ओळखीचे माणूस होते. 6 डिसेंबर 1992 नंतर मुंबई पेटली. तेथे दोन महिन्यांत 900 माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. मुंबईच्या इतक्या जवळची आणि पूर्वी दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली.

येथे कोणी म्हणेल, ही तर शासनाची योजना. यात श्रद्धेचा संबंध काय? योजना शासनाची होती, हे खरेच; तिचे श्रेय कोणत्याही पंथाने घेणे असत्य ठरेल. परंतु योजना माणसांना एकत्र बसवू शकते; भयाच्या रात्री शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्याचा निश्चय ज्याचा त्यालाच करावा लागतो. अफवा कानी येताच शस्त्र शोधावे की शेजाऱ्याच्या दारी जाऊन विचारावे, ही निवड कोणताही अधिकारी दुसऱ्यासाठी करू शकत नाही. हिंसेच्या मुळाशी बहुधा भय असते. ‘मी मारले नाही तर मला राखणारा कोणी नाही’ असे म्हणून हात उगारणारा मुखाने आस्तिक असला तरी कृतीने नास्तिकच होय.

पुन्हा कोणी विचारील, विश्वास ठेवूनही संकट कोसळले तर? त्याचे उत्तर आद्य शिष्यपरिवाराच्या आचरणात आहे. स्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांच्यावर वियोगाचा डोंगर कोसळला. संनिधान सुटले, परंतु धर्म सुटू दिला नाही. नागदेवाचार्यादी मंडळी ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, विचारपूस करून लीळा गोळा केल्या. दुःख टळले नाही, पण त्या दुःखातच सेवा आणि स्मरण यांची निवड झाली; म्हणून लीळाचरित्र आजही हाती आहे.

यास्तव वासनिकाने आणि संन्याशाने संकटसमयी आधी स्मरण करावे, कारण त्याने चित्त स्थिर होते. मग ऐकलेल्या वार्तेची शहानिशा करावी, कारण अविचाराने बोललेला शब्दही हिंसेस कारण होतो. आणि भयभीत होऊन दाराशी आलेल्याची जात न विचारता त्यास आत घ्यावे. फळाची चिंता परमेश्वरावर सोपवावी. आचरण मात्र आपले आपणच करावे. ते कोणावरही सोपविता येत नाही.