दोष द्रव्यात की संयोगात?

वैशेषिक दर्शनाने संयोगाला गुण मानले आहे. मात्र रूप किंवा गंध हे गुण एकेका द्रव्यात राहतात, तर संयोग एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो आणि त्याचा भार त्यांपैकी एकट्यावर टाकता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराचे जे 18 प्रकार सांगितले आहेत, त्यांत संयोगविरुद्ध हा एक असून दूध आणि आंबट पदार्थ स्वतंत्रपणे पथ्यकर असले तरी एकत्र घेऊ नयेत, असे त्याचे उदाहरण आहे. या विशिष्ट उदाहरणाची शहानिशा आधुनिक वैद्यकाने काहीही करो, त्यामागील विचार अन्न व औषध यांच्या परस्परपरिणामाला, म्हणजे एखाद्या पदार्थामुळे औषधाचे रक्तातील प्रमाण किंवा कार्य बदलण्याला, चपखल लागू पडतो. सात्त्विक ते निरुपद्रवीच, ही लोकसमजूत मात्र त्यापुढे टिकत नाही.

मुळशी तालुक्यात आषाढी एकादशी भातलावणीच्या हंगामात येते. त्या दिवशीच्या ताटात भगर आणि दाण्याच्या आमटीसोबत रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, केळे आणि वर शहाळ्याचे पाणी असेल, तर हे शेवटचे चारही पदार्थ पोटॅशियमने समृद्ध असतात. निरोगी मूत्रपिंडांना ते सहज पेलते. परंतु टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही रक्तदाबाची औषधे पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याची क्रिया मंदावतात, आणि मूत्रपिंडे आधीच क्षीण असलेल्या रुग्णात ते साचून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. याउलट, निर्जळी उपवास करून मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, तर अन्न नसतानाही स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवत राहते, साखर घसरते आणि घाम, थरथर, भोवळ अशी लक्षणे चिखलात उभ्या असलेल्या माणसाला गाठतात.

याहून विचार करायला लावणारे उदाहरण त्यागाचे आहे. चातुर्मासात श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य करण्याचे व्रत धर्मशास्त्रात सांगितले आहे. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या रुग्णाला वॉरफॅरिन किंवा असेनोकुमारॉल देतात. ही औषधे जीवनसत्त्व केच्या पुनर्वापरात अडथळा आणून रक्त गोठणे लांबवतात, आणि हे जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या एकाएकी रोज खाल्ल्या, तर औषधाचा प्रभाव उतरून गुठळीचा धोका वाढतो, आणि श्रावण लागताच पालेभाजी पूर्ण सोडली, तर त्याच मात्रेने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे त्यागही तटस्थ नाही. अशा रुग्णाला भाजी निषिद्ध नसते. तिचे प्रमाण स्थिर राहणे आणि रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी ठरलेल्या दिवशी होणे, एवढेच अपेक्षित असते. शरदात बाजारात येणाऱ्या पपनसाचेही असेच आहे: त्यातील द्रव्ये आतड्यातील औषध मोडणारे विकर रोखत असल्याने काही औषधे रक्तात प्रमाणाबाहेर चढतात.

गोळी घेतल्याने उपवास मोडतो, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे धर्मशास्त्र सांगते, त्यांत पाणी, मुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधही येते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या 1790 मधील ‘धर्मसिंधु’ या ग्रंथात ज्या परंपरेचा निर्णय संकलित झाला, तिने अशक्ताला नक्त, म्हणजे रात्री एकवेळचे भोजन, किंवा प्रतिनिधीकरवी व्रत, अशा सवलती दिल्या आहेत. या सवलती उदार आहेत. मात्र केळे आणि गोळी शेजारी आली तर काय होईल, हे त्या सांगत नाहीत, आणि ते त्यांचे कामही नव्हे. ते ज्ञान वैद्यकाकडून मिळवावे लागते. आणि संकल्पात देश व काळ यांचा उच्चार करणाऱ्या धर्माने, व्रत करणाऱ्याच्या देहात चालू असलेल्या औषधाचा विचार वगळण्यास कोणतेही समर्थन उरत नाही.

म्हणून आषाढी येण्यापूर्वी आपल्या सर्व गोळ्या आणि सोडायच्या वा धरायच्या पदार्थांची यादी एकत्र घेऊन डॉक्टरांना दाखवावी, आणि कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.