सावध शुश्रूषा

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाने कित्येक आठवडे अंथरुणावरच पडून राहावे, अशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकाची धारणा होती. १९५२ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला आणि त्या धारणेला तडा गेला. हृदय-पुनर्वसनात, म्हणजे देखरेखीखालील व्यायाम, आहार, औषधे आणि मानसिक आधार यांच्या एकत्रित उपक्रमात, आज परिचारिकेच्या सावधपणाला मोठे मोल आहे. नाडी मंदावणारी औषधे चालू असताना केवळ नाडीवरून श्रमांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून परिचारिका बोर्ग मापनपट्टीचा, म्हणजे जाणवणारे श्रम रुग्णाने स्वतः ६ ते २० या अंकांत सांगण्याच्या पद्धतीचा, आधार घेते आणि सांगितलेला अंक त्याच्या चेहऱ्याशी व श्वासाशी ताडून पाहते. कारण घरच्यांना काळजी नको म्हणून दुखणे लपवणारे आणि भीतीपोटी पाऊलच न उचलणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण तिच्यासमोर येतात. एकाला आवरावे लागते, दुसऱ्याला धीर द्यावा लागतो. आपल्या शरीराचे संकेत रुग्णाला स्वतः ओळखता येऊ लागले आणि परिचारिकेची गरज हळूहळू कमी भासू लागली, की अशी शुश्रूषा सफल झाली असे मानावे.